ब्रेकचा दिवा पेटेपर्यंत

मी, खाली अंगठा उठवणारी, वय अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी (जन्मले तेव्हा घरात लिहिता येणारं कोणी नव्हतं, त्यामुळे एक वर्ष इकडे किंवा तिकडे), धंदा ट्रकचं वायरिंग, राहणार शेडमागच्या दोन खोल्यांत, यार्डात जिला सगळे वायरवाली म्हणतात तीच, आज शनिवारी सकाळी चहा पिऊन पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र सांगते आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. या घरात दाब टाकायचं काम आजवर मीच केलं आणि ते अजून दुसऱ्या कोणाच्या हाती दिलेलं नाही. कान शाबूत आहेत. डोळे वायरीचा रंग ओळखण्यापुरते शाबूत आहेत. गुडघे गेले, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असं वकील म्हणाला.

मला अक्षर येत नाही. म्हणून हे माझी नात लिहिते आहे. मला दोनच मुलं, थोरला आणि त्याच्या पाठची लेक. ही थोरल्याची मुलगी. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे असं लोक म्हणतात. मी मोतीही पाहिले नाहीत आणि अक्षरही वाचलं नाही, म्हणून मान डोलावते. घरात वकिलाचा कारकून येऊन लिहायला तयार असताना मी हिलाच का बसवली, ते पुढे येईल. पोरी, पाठ सरळ ठेव आणि मी बोलते तेवढंच लिही. सुधारू नकोस.

कलम पहिले. दुकानाची पाटी.

शेडवरच्या पाटीवर माझ्या नवऱ्याचं नाव आहे. तिच्याखालून मी उभा जन्म वाकून आत गेले. मला ती वाचता आली नाही, पण तिच्यावर माझं नाव नाही एवढं न वाचताही कळतं. आता दोघंही मेल्यावर खरं सांगायला हरकत नाही. माझ्या नवऱ्याला लाल आणि हिरवा रंग एकच दिसायचा. नावाजलेला वायरमन, लांबलांबून ड्रायव्हर गाड्या घेऊन यायचे, आणि त्याला लाल वायर कुठली ते कळत नव्हतं. तो वायरिंगचा नकाशा वाचायचा, मी रंग सांगायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई चहा घेऊन आली की हलायचं नाव घेत नाही.

पुढे आम्ही रंगांचा नादच सोडला. सगळी वायर काळी घ्यायची आणि तिच्या दोन्ही टोकांना मेणाच्या दोऱ्यानं गाठी मारायच्या. हेडलाइटला एक गाठ, हॉर्नला दोन, वळायच्या दिव्याला तीन, मागच्या दिव्याला चार, ब्रेकच्या दिव्याला पाच, स्टार्टरला सहा. त्याला दिसायला नको, मला वाचायला नको. अंधाऱ्या डॅशबोर्डखाली हात घातला की बोटं सांगायची.

दुकानाची आणखी एक रीत होती, ती इथेच लिहून ठेव, शेवटी लागणार आहे. काम झालं की एकानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं गाडीच्या मागे उभं राहून दिवा बघायचा. मागचा ओरडायचा, "पेटला!" तो ओरडेपर्यंत केबिनमधल्यानं पाय उचलायचा नाही, मागे वळून बघायचं नाही, "पेटला का हो?" असं विचारायचंही नाही. केबिनमध्ये बसतो तो शिकाऊ. मागे उभा राहतो तो उस्ताद. मी सात वर्षं पाय दाबून बसले. मग एके दिवशी नवरा न बोलता केबिनमध्ये चढला आणि म्हणाला, "जा, मागे उभी राहा." लग्नात मिळाला नाही तो मान मला त्या दिवशी एका ट्रकच्या ढुंगणापाशी मिळाला.

तर पाटी. ती उतरवावी. शेडचा मागचा कोपरा गळतो, तिथे पत्रा बरोबर बसेल. नाव आतल्या बाजूला ठेवावं.

कलम दुसरे. सूनबाई.

माझं लाकडी कपाट, आरशासह, सुनेला. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्या पाठीमागे त्या आरशात बघून माझ्या चालण्याची नक्कल करते. आरसा दोन्हीकडून काम करतो हे तिच्या अठ्ठावीस वर्षांत लक्षात आलं नाही. नक्कल मात्र चांगली करते. आता माझे गुडघेही घे म्हणावं, अस्सल वाटेल. (नात हसली. हसून घे पोरी, पुढे जागा नाही.)

कलम तिसरे. डायनॅमोवाला.

यार्डाच्या फाटकाजवळच्या डायनॅमोवाल्यानं चार माणसांत म्हटलं होतं की बाईचा हात लागला की वायरिंग शॉर्ट होतं. त्याला माझे रबरी हातमोजे द्यावेत. उजव्याच्या अंगठ्याला भोक आहे. ते त्याला सांगू नये.

कलम चौथे. गाडी.

शेडमध्ये उभी आहे ती लांब नाकाची, गोल डोळ्यांची जुनी गाडी, जिला आम्ही नाकाडी म्हणतो, ती माझ्या मालकीची आहे. कागद कपाटात साडीच्या घडीत. बावीस वर्षांपूर्वी ती आतून जळाली. नवरा गेल्यावर मी ती पुन्हा वायर केली. चार वर्षं लागली. आधी जळकी वायर कापून काढली, मग प्रत्येक जागेचं अंतर सुतळीनं मोजलं, मग नवी वायर, नव्या गाठी. जिथे वायर लोखंडातून जाते तिथे रबराची कडी. थोरला येता-जाता म्हणायचा, "आई, भंगारात घाल ते धूड." मी म्हणायचे, "आधी मला घाल, मग तिला."

गेल्या महिन्यात एक हौशी माणूस आला. जुन्या गाड्या जमवतो. पांढरे बूट घालून यार्डात आला तिथेच मी त्याची परीक्षा करून टाकली. आता भंगाराचं सोनं झालं होतं. थोरला बॉनेट उघडून एकेक दाखवायला लागला.

"सगळं वायरिंग नवं आहे. आमच्या आईनं केलंय. आईला वेडच आहे त्याचं."

"पण ही जळाली होती ना मध्ये?"

थोरला हसला. "अहो, आमचा एक मेव्हणा होता. अगदीच बावळट. त्याच्या हातच्या कामानं जळाली. वडिलांचे हात गेले त्याच्यापायी."

मी दहा पावलांवर दोऱ्याला गाठ मारत बसले होते. बावीस वर्षं तो हे बोलतो, पण आवाज दाबून बोलायचा. त्या दिवशी मोठ्यानं बोलला, हसत बोलला आणि परक्या माणसाशी बोलला. शिवाय म्हणाला, मेव्हणा "होता". जित्या माणसाला होता करून टाकला. त्या दिवशी मी वकिलाला निरोप धाडला.

नाकाडी विकायची नाही. ती कोणाला, ते नवव्या कलमात.

कलम पाचवे. जावई.

जावई आधी आमच्याकडे कामाला होता, मग जावई झाला. म्हणून थोरल्याला तो कधी जावई दिसला नाही, कामालाच दिसला. गाठींची भाषा त्यानं आठ दिवसांत उचलली, डोळे मिटून. थोरला म्हणायचा, "दोऱ्याला गाठी मारणं हे बायकांचं काम." आणि तोच रंगीत वायर घेऊन गाडीखाली गेला की लाल-हिरव्यात घोटाळा करायचा, दोन्ही डोळे धडधाकट असून. नवऱ्यानं एकदाच जावयाला मागे उभं केलं आणि थोरल्याला म्हणाला, "तू केबिनमध्ये बस, ब्रेक दाब." थोरला म्हणाला, "मला बाहेर काम आहे," आणि गेला. उभ्या आयुष्यात तो दुसऱ्यासाठी पाय दाबून बसलेला नाही.

नाकाडीचं पहिलं वायरिंग जावयानं एकट्यानं केलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी ती जळाली. दोष त्याच्यावर गेला. यार्डात त्याला कोणी पाना धरायला देईना. आज तो एका वाहनतळावर राखणदार आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या सांभाळतो आणि एकाचंही बॉनेट उघडत नाही. लेक सांगते, घरातला बल्ब गेला तर शेजाऱ्याला हाक मारतो.

कलम सहावे. आग.

गाडीच्या ब्रेकचा फ्यूज वारंवार जात होता. कोणीतरी घाईत त्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. त्यामुळे वायर तापली आणि आग लागली. आजोबांच्या हातांना इजा झाली. हे कोणी मुद्दाम केलेले नव्हते. आता ही फार जुनी गोष्ट आहे.

इथे मी थांबवलं आहे.

मला अक्षर कळत नाही, पण पेनचा आवाज कळतो. मी बोलले पाव तास आणि पेन चाललं दोन मिनिटं. मी म्हटलं, "वाचून दाखव." तिनं वाचून दाखवलं. जसंच्या तसं, माझ्या शब्दांत, माझ्या शिव्यांसकट, एका दमात. डोळे मिटून ऐकलं असतं तर फसले असते. पण मी तिच्या बोटाकडे बघत होते. वाचणाऱ्याचं बोट ओळीवरून सरकतं. हिचं बोट एकाच जागी रुतलं होतं.

आमच्या धंद्यात दुसऱ्यानं केलेला जोड टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय खरा धरत नाहीत. माझा टेस्ट लॅम्प बाहेर बाकावर बसला होता. समोरच्या घरातला रिटायर झालेला पोस्टमन, आज साक्षीदार म्हणून बोलावलेला. यार्डात निम्म्या लोकांची पत्रं यानंच वाचून दिली, म्हणून निम्म्या यार्डाच्या भानगडी याला तोंडपाठ. मी हाक मारली.

"काका, जरा हे सहावं वाचा."

"आजी, नको ना गं. तसंच आहे ते."

"तसंच आहे तर काकांनी वाचलं म्हणून त्याला फोड येणार आहे का?"

पोस्टमननं वाचलं. 'कोणीतरी' म्हणाला आणि चष्मा काढून पुसत बसला. अशा वेळी पोस्टमन लोक चष्मा पुसतात.

"कोणीतरी," मी म्हटलं. "छान. कोणीतरी तुझ्या आजोबांचे हात जाळले आणि कोणीतरी तुला शाळेत घातलं."

पोर रडायला लागली. म्हणाली, "आजी, ते माझे बाबा आहेत."

मी म्हटलं, "माझाही मुलगा आहे. मी तर त्याला नऊ महिने पोटात घेऊन हिंडले, तुझ्यापेक्षा माझा हक्क जास्त. खोडू नकोस. खोडलं तर लोक म्हणतील म्हातारीनं बात फिरवली. ते तसंच राहू दे आणि खाली पुन्हा लिही. काका इथेच बसतील."

कलम सहावे, पुन्हा.

जावयानं वायरिंग केल्यावर पाचव्या आठवड्यात माझ्या थोरल्या मुलानं नाकाडीच्या मागच्या बाजूला शोभेचे रंगीत दिवे लावले. त्याची चार वर्षांची मुलगी ते पाहून टाळ्या वाजवायची आणि अजून लावा, अजून लावा म्हणायची. म्हणजे तूच. लिही. चार वर्षांच्या पोरीचा दोष नसतो, पण वायर कोणाचं वय विचारत नाही.

त्या दिव्यांसाठी त्यानं मागच्या लोखंडी पट्टीला भोक पाडलं आणि वायरींचा जुडगा त्यातून ओढला. भोकाची कड सुरीसारखी होती. तिला रबराची कडी घालायला हवी होती, घातली नाही. गाडी हादरली की ती कड पाच गाठींच्या वायरीला करकर चावायची. आवरण गेलं, तांबं उघडं पडलं, आणि ब्रेक दाबला की सगळा करंट दिव्याऐवजी लोखंडात. फ्यूज उडाला.

फ्यूज म्हणजे घरातलं तोंडफटकळ माणूस. काही बिनसलं की आधी तेच भडकतं आणि सगळ्यांच्या शिव्या खातं. पण ते भडकतं म्हणून घर वाचतं. त्याचं तोंड बांधलं की समजावं, आता भिंती जळणार.

थोरल्यानं एक बदलला, उडाला. दुसरा बदलला, उडाला. जावयाला हाक मारली असती तर त्यानं टेस्ट लॅम्प घेऊन अर्ध्या तासात चावलेली जागा काढली असती. पण मेव्हण्याला विचारायचं म्हणजे साहेबांचं नाक कापलं जाणार. त्यानं तिसऱ्या फ्यूजला सिगारेटची चांदी गुंडाळली आणि गाडी बाहेर काढली. यार्डाच्या फाटकाशी उतार आहे. तिथे ब्रेकवर पाय ठेवून तो डायनॅमोवाल्याशी गप्पा मारत उभा राहिला. डॅशबोर्डखाली जुडगा पेटला. थोरल्यानं उडी मारली. आधी काही ओढावं, बॅटरीची तार काढावी, काही नाही. उडी.

धावला तो माझा नवरा. हातात पाना नाही, पकड नाही. जळता जुडगा दोन्ही हातांनी धरून मुळासकट उपटला. वितळलेलं आवरण हातमोजे घातल्यासारखं त्याच्या हातांना बसलं. दवाखान्यात ते काढताना कातडीही त्याच्याबरोबर आली. शुद्धीवर आल्यावर त्यानं एकच विचारलं, "कशानं झालं?" थोरला पायथ्याशी उभा होता. म्हणाला, "मेव्हण्याचा जोड सैल होता, बाबा."

तिसऱ्या दिवशी मी गाडीजवळ गेले. फ्यूजची पेटी बॉनेटखाली, तिला धगही लागली नव्हती. पाचव्या घरात चांदी गुंडाळलेला फ्यूज चमकत बसला होता, तोंड बांधलेला. मी तो काढला आणि बूटपॉलिशच्या रिकाम्या डबीत टाकला. वर बघितलं तर शेडच्या दारात थोरला. त्यानं डबी पाहिली, मला पाहिलं. म्हणाला, "आई, जेवून घे."

एवढंच. बावीस वर्षांत त्या विषयावर आम्ही मायलेकरं एवढंच बोललो.

पुरे. आता ही ओळ मोठ्या अक्षरात लिही. फ्यूजला चांदी गुंडाळणारा माझा थोरला मुलगा, आणि ती डबीत घालून गप्प बसणारी मी. जावयाचा जोड सैल नव्हता.

कलम सातवे. माझं.

मी का गप्प बसले ते कोणी विचारू नये म्हणून आधीच सांगते. मला मुलगा एकच होता. म्हातारपणी ताट त्याच्याच घरात वाढलं जाणार होतं. लेक परक्या घरी दिलेली. तिचं घर मोडलं तर ते परक्याचं मोडेल, असं मी मनाशी म्हटलं. चूल पेटती ठेवायला लेकीला सरपण केली.

ती दारात आली तेव्हा मी म्हणाले, "तुझ्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याचे हात खाल्ले. त्याला या उंबऱ्यात आणू नकोस." डबी तेव्हा माझ्या कमरेला होती. ती वाकून माझ्या पाया पडली आणि डबी तिच्या कपाळाला लागली. तिनं वर बघितलं. मी म्हटलं, "तपकीर आहे."

दोन वर्षांनी नवरा अखेरच्या दुखण्यात पडला. जावई न बोलावता आला, दाराच्या चौकटीत उभा राहून म्हणाला, "बाबा, माझा जोड असा जळणार नाही. तुम्हीच शिकवलाय." नवऱ्यानं ते हात पांघरुणाखाली घेतले आणि तोंड भिंतीकडे केलं. मी चहाचा कप घेऊन मध्ये उभी होते. एक शब्द बोलले असते तर नवरा भिंतीकडून इकडे वळला असता. मी म्हणाले, "चहा गार होतोय." नवरा भिंतीकडे तोंड करूनच गेला.

मी जावयाची माफी मागत नाही. तो भला माणूस आहे, मागितली तर देऊन टाकेल, आणि मी सुटेन. मला फुकट सुटायचं नाही.

आता हिला का बसवली ते. कारकुनाच्या अक्षरात हे वाचलं असतं तर थोरला म्हणाला असता, खोटं आहे, म्हातारीला भ्रम झाला होता. पण हे अक्षर त्यानं स्वतः हात धरून गिरवून घेतलं आहे. या अक्षराला तो खोटं म्हणू शकणार नाही. पोरी, तुझ्यावर माझा राग नाही. तुझा उपयोग होता.

कलम आठवे. डबी आणि अवजारं.

बूटपॉलिशची डबी वकिलाकडे सीलबंद आहे. ती थोरल्याला. वाचन चालू असताना त्याच्या हातात द्यावी, खिशात ठेवू देऊ नये.

सोल्डरिंग गन, पकडी, मेणाच्या दोऱ्याची रिळं जावयाला.

टेस्ट लॅम्प नातीला. त्याचं एक टोक लोखंडाला लावायचं आणि दुसरं संशयाच्या जागी. खरं असेल तिथे पेटतो, नसेल तिथे नाही. मन राखायला म्हणून तो मंद पेटत नाही. आज तुझ्याजवळ असता तर सहावं कलम एकदाच लिहून भागलं असतं.

कलम नववे. नाकाडी.

नाकाडी जावयाला. कागद, किल्ली आणि शेडसकट. गाडी पूर्ण वायर केलेली आहे. हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतात, स्टार्टर एका हाकेत उठतो. फक्त ब्रेकचा दिवा लागत नाही. पाच गाठींची वायर मी मागपर्यंत आणून ठेवली आहे आणि शेवटचा जोड मारलेला नाही. दोन टोकं मागच्या दिव्यापाशी समोरासमोर आहेत, टेप लावून. गेली सोळा वर्षं तशीच आहेत. थोरला म्हणतो, म्हातारीला एवढं जमलं नाही. तो जोड माझ्या हातचा नाही.

कलम दहावे. घर.

राहतं घर थोरल्याला द्यावं, पण पुढची गोष्ट झाल्यावर.

माझ्या तेराव्या दिवसानंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा वाजता नाकाडी शेडमधून काढून फाटकाच्या उतारावर उभी करावी. यार्डातल्या सगळ्यांना बोलवावं. डायनॅमोवाल्याला पुढे उभं करावं, त्या दिवशी त्याला जवळून दिसलं होतं, आजही दिसू दे. जावयानं मागे जाऊन शेवटचा जोड मारावा. त्याला घाई करू नये. बावीस वर्षं हाताला सवय नाही. हात थरथरला तर कोणी हसू नये. जो हसेल त्याचं नाव पोस्टमननं लिहून घ्यावं, मी बघून घेईन, कशी ते मला अजून माहीत नाही.

मग थोरल्यानं केबिनमध्ये चढावं आणि ब्रेक दाबावा.

दुकानाची रीत पहिल्या कलमात सांगितली आहे. मागून "पेटला" अशी हाक येईपर्यंत पाय उचलायचा नाही, मागे वळायचं नाही, विचारायचं नाही. दिवा लगेच पेटेल, माझी खात्री आहे. पण हाक कधी मारायची ते मागच्यानं ठरवायचं. जावयाला दुपारपर्यंत गप्प राहावंसं वाटलं तर थोरल्यानं दुपारपर्यंत दाबून बसावं. संध्याकाळपर्यंत वाटलं तर संध्याकाळपर्यंत. ऊन लागलं तर लागू दे. पायात गोळा आला तर येऊ दे, त्याच्या बापाची हातांची कातडी गेली होती. बावीस वर्षं जावयानं एका हाकेची वाट पाहिली. त्यातला एक दिवस मी थोरल्याकडून मागते, मी काही फार कडक बाई नाही.

हाक आली की घर थोरल्याचं. हाकेआधी पाय उचलला, वळून बघितलं, किंवा केबिनमध्ये चढलाच नाही, तर घर लेकीचं, आणि थोरल्यानं महिन्याभरात आरशाच्या कपाटासह बाहेर पडावं.

लेकीनं नवऱ्याच्या शेजारी उभं राहावं. तिला मी दुसरं काही ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर ती म्हणाली असती, आई शेवटी विरघळली.

नातीनं कुठे उभं राहावं ते मी सांगत नाही. केबिनपाशी बापाजवळ उभी राहा, की मागे दिव्यापाशी. तुझं तू ठरव. इथपर्यंत लिहिलंस, आता माझी भीड कशाला.

या मृत्युपत्रावर माझा डाव्या हाताचा अंगठा आहे. बॅटरीच्या ॲसिडनं त्याच्या रेषा कधीच गेल्या. कागदावर नुसता गुळगुळीत डाग उठतो, कोणाचाही म्हणून खपेल असा. म्हणून कागदाच्या डाव्या कोपऱ्याला भोक पाडून मी मेणाचा दोरा ओवला आहे आणि त्याला पाच गाठी मारल्या आहेत. हीच माझी सही. ती खरी की खोटी हे सांगू शकेल असा माणूस आता या जगात एकच आहे. ती त्याच्याकडून डोळे मिटून तपासून घ्यावी.

अंगठा: (डाग) दोरा: पाच गाठी

ठिकाण: शेडमागची पुढची खोली, खिडकीजवळ
दिनांक: महिन्याची अठरा तारीख, शनिवार, सकाळी सुरू केलं, दुपारी चारला संपलं

साक्षीदार पहिला: समोरच्या घरातला पोस्टमन, निवृत्त. सगळी कलमं मी बाईंना मोठ्याने वाचून दाखवली. सहावे दोन्ही वेळा. (सही)

साक्षीदार दुसरी: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. मी नाडी पाहताना त्यांनी माझ्या स्कूटरचा हॉर्न बसला आहे, अर्थची तार तपास, असे सांगितले. तपासली. तीच सुटली होती. (सही)

लेखनिक: नात. सहावे कलम मी पहिल्यांदा चुकीचे लिहिले, दुसऱ्यांदा बरोबर लिहिले. दोन्ही अक्षरे माझीच आहेत. त्या शनिवारी मी मागे उभी राहीन. (सही)